रेडॉन : खाणीतून घरात आलेली मोजणी

श्नेबर्ग या जर्मन गावातल्या खाणकामगारांचा फुप्फुसाचा जुनाट आजार म्हणजे कर्करोग आहे, असं हार्टिंग आणि हेस या डॉक्टरांनी १८७९ मध्ये मांडलं. त्यामागच्या रेडॉनचा, म्हणजे खडकातल्या युरेनियमपासून तयार होणाऱ्या किरणोत्सर्गी वायूचा, शोध त्यानंतर वीसेक वर्षांनी लागला, आणि पुढे कित्येक दशकं तो खाणीचाच प्रश्न मानला गेला. घरात तर लोक तो पैसे देऊन आणत. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘रेव्हिगेटर’ नावाचा माठ खपत होता. आतून युरेनियमच्या खनिजाचं अस्तर, आणि त्यात रात्रभर मुरलेलं पाणी आरोग्याला उत्तम अशी जाहिरात!

राहत्या घरांतल्या हवेची मोजणी रोल्फ हुल्टक्विस्ट यांनी १९५६ मध्ये स्वीडनमध्ये प्रसिद्ध केली. तिथे युरेनियम असलेल्या शेल खडकापासून केलेलं निळसर, हलकं काँक्रीट भिंतींना वापरलं जाई. बाहेरच्यांनी ही स्वीडनपुरती भानगड समजून सोडून दिली. ते काँक्रीट १९७५ पर्यंत बनत राहिलं.

डोळे उघडले ते डिसेंबर १९८४ मध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रातले अभियंता स्टॅनली वॉट्रस तपासणी यंत्राजवळ गेले की भोंगा वाजे. एका सकाळी तर ते कामावर आत शिरतानाच वाजला. म्हणजे किरणोत्सर्गी कण घरून येत होते. त्यांच्या घरात एका लिटर हवेमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) रेडॉन निघाला; अमेरिकेने पुढे उपाययोजनेसाठी ठरवलेली पातळी आहे ४. उगम भिंतीत नव्हता, कुठल्या वस्तूतही नव्हता. घराखालच्या खडकातून वायू वर येत होता.

मोजायला यंत्रच लागतं असं नाही. एलआर-११५ या फिल्मचा तुकडा डबीत घालून खोलीत तीनेक महिने टांगतात. रेडॉनमधून सुटणाऱ्या अल्फा कणांचे ओरखडे कॉस्टिक सोड्यात फिल्म धुतली की छिद्रं होऊन दिसतात, मग ती मोजायची. भारतात या पद्धतीवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बरंच काम झालं. आपल्याकडे गोम थोरॉनची. केरळच्या मोनाझाइट वाळूत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य आहे, पेट्रोमॅक्सच्या मँटलमध्येही असे. त्यातून निघणारा थोरॉन हा रेडॉनचाच भाऊ. रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, थोरॉन ५५ सेकंदांत. त्यामुळे तो उगमापासून फार लांब जात नाही, पण डबी भिंतीला टेकवली तर आकडा फुगवतो. केंद्राच्या डबीत दोन कप्पे आहेत ते यासाठीच : एकात दोन्ही वायू जातात, दुसऱ्यात थोरॉन पोचण्याआधीच विरतो.

ग्रॅनाइटमध्येही युरेनियम असतं; त्याच्या ओट्याची भीती यातूनच येते. ओट्यावर गायगर काउंटर टकटकला म्हणजे दगडात किरणोत्सर्ग आहे एवढंच समजतं; हवेत रेडॉन किती उतरला, ते त्यावरून सांगता येत नाही. शंका असेल तर डबी स्वयंपाकघरात टांगावी, ओट्यापासून जरा दूर. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी घराखाली बेसाल्ट असतो आणि त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं.