टगबोटीची प्रतिकृती : आराखड्यांची निवड

बंदरात मोठ्या जहाजांना ओढून किंवा ढकलून धक्क्याला लावणारी बुटकी, दणकट नौका म्हणजे टगबोट किंवा नुसती ‘टग’. जुन्या टगची प्रमाणबद्ध प्रतिकृती करणाऱ्याला आधी आराखडा निवडावा लागतो. या निवडीत प्रमाणाइतकाच, किंबहुना जास्त, प्रश्न असतो तो सालाचा. टग चाळीस-पन्नास वर्षे राबते. तेवढ्या काळात तिचे इंजिन, धुराडे, सुकाणूघर आणि रंग बदलत राहतात, पण आराखडा मात्र त्यातल्या एखाद्याच काळाचा असतो.

‘होगा’चे उदाहरण बोलके आहे. (नाव हिंदी वाटले तरी मूळ अमेरिकेतल्या सू लोकांच्या भाषेतले, अर्थ ‘मासा’.) अमेरिकी नौदलाची ही 100 फुटी टग 1941 मध्ये सेवेत आली. त्याच वर्षी 7 डिसेंबरला पर्ल हार्बरवरील हल्ल्यात तिने जखमी ‘नेव्हाडा’ युद्धनौकेला किनाऱ्याला टेकवायला मदत केली आणि जळत्या जहाजांवर पाणी मारले. 1948 पासून ती कॅलिफोर्नियातील ओकलंड बंदरात अग्निशमन नौका होती. तिथे तिच्यावर पाण्याच्या जादा तोफा बसल्या. 1989 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला आणि 2015 पासून ती आर्कान्सातील नॉर्थ लिटल रॉक येथे आहे. म्हणजे बोट एक, पण प्रतिकृतीचे विषय निदान दोन. ओकलंडच्या काळातले फोटो पाहून 1941 ची होगा करणे ही सहज होणारी चूक. भगिनी-नौकेचा, म्हणजे त्याच नमुन्यावर बांधलेल्या दुसऱ्या बोटीचा, आराखडा वापरतानाही हाच धोका असतो. सांगाडा जुळतो, डेकवरचे सामान जुळेलच असे नाही.

आराखड्याचा जीव ‘लाइन्स प्लॅन’मध्ये असतो. नाळेपासून (पुढचे टोक) वरामणापर्यंत (मागचे टोक) सांगाड्याचे आडवे छेद त्यात एकात एक काढलेले असतात. त्यांच्याशिवाय पाण्याखालचा आकार अंदाजानेच घडवावा लागतो, आणि टगच्या बाबतीत तो अंदाज हमखास फसतो, कारण मोठ्या पंख्यासाठी तिचे मागचे बूड खोल आणि आत ओढलेले असते. नुसता मांडणीचा आराखडा दिसायला देखणा, पण त्यावरून डेकच तेवढा करता येतो. या रेषा बहुधा पत्र्याच्या किंवा फळ्यांच्या आतल्या बाजूच्या असतात. छेद कापताना वरच्या आवरणाची जाडी पुन्हा वजा केली, तर बोट अरुंद होते.

मूळ कारखान्याचा आराखडा सर्वांत विश्वसनीय, असा समज आहे. तो अर्धाच खरा. त्यात बांधायचे ठरलेले असते. प्रत्यक्षात बांधलेले फोटोंत दिसते. छंदिष्टांसाठी नव्याने काढलेल्या आराखड्यावर त्याचा आधार आणि साल लिहिलेले नसेल, तर तो शोभेपुरताच धरावा. छायाप्रत कागदाबरोबर ताणली जाते, म्हणून लांबी छापील प्रमाणपट्टीवर ताडून पाहावी.

अमेरिकी आराखड्यांत पाव इंचाला एक फूट, म्हणजे 1:48, हे प्रमाण रुळलेले आहे. त्यात होगा साधारण 63 सेंटिमीटरची होते. 1:96 मध्ये 32. कपाटात ठेवायला धाकटी सोयीची. पाण्यात चालवायची असेल तर गणित वेगळे, कारण वजन प्रमाणाच्या घनाने घटते. 300 टनांच्या टगची 1:48 प्रतिकृती पावणेतीन किलोच्या आसपासच असावी लागते आणि मोटर, बॅटरी, वजन साधायचे शिसे सगळे त्यातच बसवावे लागते. 1:32 ला हीच मर्यादा नऊ किलोंवर जाते. म्हणूनच तळ्यात सोडायच्या टग सहसा मोठ्या मापाच्या करतात.