कर्करोगाचा दावा आणि पॉलिसीचे नूतनीकरण

"मुलाला कर्करोग झाला आणि एकदा दावा केला, की पुढच्या वर्षी विमा कंपनी पॉलिसी बंद करते", असा संदेश रत्नागिरी-गुहागरकडच्या गटांत वर्षानुवर्षे फिरतो. निदानानंतर नवी पॉलिसी मागितल्यास कंपनी नकार देऊ शकते, हे खरे असल्याने ही समजूत पटते. मात्र चालू वैयक्तिक किंवा कौटुंबिक आरोग्य पॉलिसीचे नूतनीकरण केवळ आधी दावा केला म्हणून नाकारता येत नाही. फसवणूक किंवा माहिती दडवणे हा अपवाद. 2024 च्या सुधारित नियमांनी आधीपासूनच्या आजारांचा कमाल प्रतीक्षाकाळही (म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो) 48 महिन्यांवरून 36 वर आणला.

पडताळणीसाठी पॉलिसीच्या पुस्तिकेतील 'नूतनीकरण' हे कलम वाचावे. तिथेच सवलतीची मुदतही, म्हणजे देय तारखेनंतर हप्ता भरायला मिळणारे दिवस, दिसेल: वार्षिक हप्त्यासाठी 30 दिवस. आपल्याकडे खरा धोका इथे आहे. मार्चमध्ये भरायचा हप्ता "आंब्याचे पैसे आले की भरू" म्हणून मेअखेरपर्यंत राहिला, तर पॉलिसी खंडित होते आणि आजारी मुलासाठी नवी मिळणे अवघड होते. वयोमर्यादेमुळे कौटुंबिक पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या तरुणाने मुदतीपूर्वीच स्वतंत्र पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करावा, म्हणजे पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ गृहीत धरला जातो.