घोडीचं पोट तुंबलंय की आतड्याला पीळ पडलाय?

एप्रिल-मेची लग्नसराई. नवरदेवाची घोडी दिवसभर उन्हात उभी, पाणी कधी मिळालं कधी नाही, आणि रात्री कोठ्यात पुढ्यात सोयाबीनचं कोरडं कुटार. सकाळी ती खाणं सोडते, पुढच्या पायानं जमीन उकरते, वळून वळून कुशीकडं बघते, लोळते. लीद बंद. गाव म्हणतं, पोटशूळ. या एका नावाखाली दोन निराळे आजार असू शकतात आणि पहिल्या काही तासांत ते सारखेच दिसतात.

एकात आतडं तुंबतं. मोठ्या आतड्याला ओटीपोटाजवळ एक वळण आहे, तिथं वाट एकदम अरुंद होते. जाडाभरडा चारा आणि कमी पाणी असलं की गोळा तिथंच अडतो. दुसऱ्यात आतड्याला पीळ पडतो, नाहीतर लहान आतड्याचं वेटोळं पोटातल्या फटीत शिरून आवळलं जातं. नुकत्याच व्यालेल्या घोडीत मोठ्या आतड्याला पीळ पडण्याची भीती जास्त. वाट दोन्ही आजारांत बंद. पण पिळात रक्तही अडतं, आणि आतडं काही तासांत मरायला लागतं.

किती लोळते यावर जाऊ नका. काही घोडी थोड्या दुखण्यानंही धिंगाणा घालतात. खरी गोष्ट नाडी सांगते. जबड्याच्या कडेखाली बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. निरोगी घोड्याचे मिनिटाला 28 ते 44 असतात. तुंबलेल्या घोडीचे बहुधा साठच्या आत राहतात. साठच्या वर टिकून राहिले तर काळजीचं, ऐंशीच्या वर गेले तर फारच वाईट. मग ओठ उचलून हिरडी दाबा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी विटकरी किंवा जांभळट दिसली तर थांबू नका. आणि तासन्‌तास तडफडणारी घोडी अचानक गप्प झाली, अंगाला गार घाम सुटला, तर ‘आराम पडला’ म्हणू नका. आतडं मेलं की दुखणंही कमी होतं.

डॉक्टर गुदद्वारातून हात घालून तपासतात; त्या वळणात पिठाच्या गोळ्यासारखा मऊ-घट्ट गोळा लागला, तर तुंबल्याचं निदान जवळपास पक्कं. पिळात बहुतेक वेळा फुगलेली, ताणलेली वेटोळी लागतात. नाकातून जठरात नळी घातल्यावर दोन लिटरहून जास्त पाणी उलटं आलं, तर लहान आतडं अडल्याची शंका. पोटातलं पाणी सुईनं काढल्यावर पिवळसर नितळ हवं; लालसर आलं तर पिळाकडं बोट जातं. वेदनेच्या इंजेक्शनानंतर दोन-तीन तासांत दुखणं पुन्हा उसळलं, तर दुसरं इंजेक्शन देण्याआधी ऑपरेशनचा विचार करा. औषधानं दुखणं झाकतं, पीळ सुटत नाही.

तुंबलेल्या बहुतेक घोडी ऑपरेशनविना सुटतात: चारा बंद, सलाईन, आणि नळीनं पोटात पाणी, मॅग्नेशियम सल्फेट किंवा लिक्विड पॅराफिन. ते काम डॉक्टरांचंच. बांबूच्या नळीनं तोंडात तेल ओतण्याची सवय मला अजिबात पटत नाही. तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. भरलेल्या जठरात आणखी ओतलं तर ते फुटूही शकतं. फुगलेल्या गाईच्या कुशीत टोचतात तसं घोड्याला घरी टोचणं तर नकोच.

पिळाला ऑपरेशनशिवाय इलाज नाही. भूल देऊन घोडी उताणी करतात, पोटाच्या मधोमध चीर देतात, पीळ उलगडतात. मग आतड्याचा रंग परततो का, हालचाल होते का हे बघतात. मेलेला भाग कापून टोकं जोडतात. हट्टी गोळा असला तर त्याच वळणावर छेद घेऊन पाण्यानं आतडं रिकामं करतात.

अडचण अंतराची. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि घोड्याला उताणं करायचं टेबल, भूल देणारा माणूस सगळीकडं नसतो. म्हणून गाडी काढण्याआधी फोन करून ‘घोड्याचं पोट उघडता का’ हे थेट विचारा आणि नाडीचे आकडे सांगा. ऑपरेशननंतर साधारण महिनाभर कोठ्यातच विश्रांती, पुढचा महिना थोडी मोकळीक. सगळं नीट झालं तरी वरातीला यायला तीनेक महिने लागतात. हंगाम गेलाच, हे मालकाला ऑपरेशनआधीच सांगितलेलं बरं.