गळा नसलेल्यांचं गाणं: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जून-जुलै लागला की नाशिकमधल्या गाण्याच्या क्लासांत नवे चेहरे दिसायला लागतात. कॉलेज रोड, इंदिरानगर, पंचवटी, कुठेही जा, शाळकरी पोरांच्या रांगेत पन्नाशी-साठीतली माणसं मांडी घालून बसलेली असतात. कुणी प्रेसमधून निवृत्त झालेले, कुणी एचएएलमधून, कुणाची मुलं शिकायला पुण्याला गेलेली. नाव नोंदवतानाच ही मंडळी सांगून टाकतात, ‘गळा नाही हो मला, पण आवड फार आहे.’ घरून निघताना बहुतेकांनी एक प्रश्न ऐकलेला असतो: देवाने दिलं नाही, ते आता शिकून काय मिळणार?

हा प्रश्न निदान तेराशे वर्षं जुना आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे फार आधी देऊन झालं आहे. मला त्यातला काव्यशास्त्रातला वाद सगळ्यात जवळचा वाटतो. भामह आणि दंडी हे संस्कृत काव्यशास्त्राचे दोन जुने आचार्य. भामहाचं म्हणणं कडक होतं. गुरूने शिकवलं तर मंदबुद्धीचा माणूसही शास्त्र शिकेल, पण काव्य एखाद्या प्रतिभावंतालाच आणि तेही क्वचितच साधतं. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रतिभेचं महत्त्व नाकारलं नाही. जन्मजात प्रतिभा, भरपूर निर्मळ अध्ययन आणि न थकणारा अभ्यास, ही तिन्ही त्याने काव्याची कारणं म्हणून सांगितली. मग पुढच्याच श्लोकात तो म्हणतो की, पूर्वसंस्कारातून आलेली अद्भुत प्रतिभा नसली तरी अध्ययनाने आणि यत्नाने उपासना केली तर वाग्देवी काही ना काही अनुग्रह करतेच. श्लोकातला ‘ध्रुवं’ हा शब्द डळमळीत माणसाचा नाही.

हा अनुग्रह कसला, तेही दंडीने सांगून ठेवलं आहे. कवित्व तोकडं असलं तरी ज्यांनी कष्ट घेतले ते जाणकारांच्या मैफिलीत मोकळेपणाने वावरू शकतात. महाकवी होण्याचं आश्वासन त्याने दिलेलं नाही. मोठा कलावंत होता येईल का, हा एक प्रश्न आणि त्या कलेच्या घरात आपल्याला जागा मिळेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेकांसाठी ‘नाही’ असंच आहे. दुसऱ्याचं ‘हो’ आहे. आपण मात्र पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावून माणसांना दारातून परत पाठवतो.

गाण्यात हा प्रश्न अधिक टोचतो, कारण गळा शरीरातच असतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ रचला. (या यादवांची आधीची राजधानी आपलं सिन्नर.) अभ्यास न करताही राग व्यक्त करण्याची आवाजाची जी ताकद, ती शरीराबरोबरच जन्मते, असं त्याने नोंदवलं. तो चांगला आवाज विद्यादानाने, तपाने, शिवभक्तीने किंवा थोर भाग्याने लाभतो, असंही पुढे म्हटलं. म्हणजे देणगी ती देणगीच. तरीही गायकांचे प्रकार सांगताना शिकवणारा, हुबेहूब अनुकरण करणारा, रसात बुडून जाणारा, अशा वेगवेगळ्या माणसांना त्याने जागा दिली.

ही जागा पुढे आक्रसत गेली. घराण्यांच्या काळात विद्या गुरूच्या घरी राहून, सेवा करून, वर्षानुवर्षं घ्यायची असे. गुरूचं पोट दरबारावर, संस्थानिकावर. एवढा काळ एका शिष्यावर खर्च करायचा, तर गळा पारखून घेणं त्या व्यवस्थेत साहजिक होतं. ज्याला मैफलीत बसायचं नाही अशा माणसाने गाणं शिकण्यासाठी वेगळी सोयच नव्हती.

ती सोय उभी करणाऱ्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव पहिल्या ओळीत येतं. जन्म कुरुंदवाडचा, 1872 चा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, नेहमीचं शिक्षण अवघड झालं, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारं. तिथे वर्ग होते, ठरलेला अभ्यासक्रम होता, स्वरलिपीतली पुस्तकं होती. ‘तानसेन नाही तरी कानसेन तयार व्हावेत’ ही भूमिका त्यांच्याच नावावर सांगितली जाते. पुण्यात गायन समाज 1874 पासून होता, संगीतशास्त्रकार भातखंड्यांचं काम वेगळ्या वाटेने चाललं होतं. पण मध्यमवर्गीय घरातली मुलगी पेटी घेऊन बसू शकते, हे सर्वसामान्यांच्या गळी उतरवण्यात पलुस्करांच्या शाळांचा वाटा फार मोठा आहे.

1908 मध्ये ते मुंबईला आले, मोठी इमारत बांधली आणि कर्जात बुडाले. इमारत हातची गेली. आयुष्याच्या या अखेरच्या टप्प्यात त्यांनी नाशिक जवळ केलं. इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. शिष्य, भजन, रामकथा यांत ते रमले. 1931 मध्ये मिरजेला त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज नाशिकच्या क्लासांतली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढतात, त्या याच परंपरेतल्या. भजनाचं महत्त्व इथे विसरता कामा नये. गोदाकाठच्या भजनी मंडळात कुणी कुणाचा गळा तपासत नाही. टाळ धरता आला की माणूस आत.

पश्चिमेत तोवर देणगी मोजायला सुरुवात झाली होती. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने 1869 मध्ये प्रज्ञा आनुवंशिक असल्याचा सिद्धांत मांडला. 1919 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सीशोरने ध्वनिमुद्रिकांवर चाचण्या काढल्या: दोन स्वर ऐका, दुसरा उंच की खाली ते सांगा. 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून लंबक दुसऱ्या टोकाला, म्हणजे सरावाकडे, नेला. दहा हजार तासांच्या सरावाचा गाजलेला आकडा तिथून निघाला. 2014 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा संगीतातल्या कौशल्याच्या फरकापैकी 21 टक्केच सरावाशी जुळत होता. त्याच वर्षी स्वीडनमधल्या जुळ्यांच्या पाहणीत, सारख्या जुळ्यांपैकी जास्त सराव केलेल्याचा कान दुसऱ्यापेक्षा सरस निघाला नाही. ‘मेहनत केली की काहीही जमतं’ असं सांगणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत. खोटी आशा लावणं मला दारातून परत पाठवण्याइतकंच वाईट वाटतं. मात्र स्वर जन्मतःच ओळखता येत नाहीत अशी माणसं अलीकडच्या अंदाजानुसार दीड टक्क्याच्या आसपास आहेत. ‘मी बेसूर आहे’ म्हणणाऱ्यांची संख्या याच्या कितीतरी पट आहे.

सराव नेमकं काय देतो, ते गंगापूर रोडच्या एका क्लासमध्ये मी जवळून पाहिलं आहे. काळी चार पट्टीत भूप राग चालू होता आणि एका काकूंचा गंधार (म्हणजे ‘ग’) दर वेळी किंचित उतरत होता. शिकवणाऱ्या बाईंनी पेटी बंद केली, फक्त तंबोरा ठेवला. ‘काकू, गाऊ नका. नुसतं ऐका. गंधार खर्जाच्या तारेतच आहे.’ जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’च्या तारेतून, गंधार आपोआप उमटतो, गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा तो काकूंना ऐकूच आला नाही. काही महिन्यांनी त्या स्वतःच मध्येच थांबायच्या, ‘खाली गेला’ म्हणायच्या आणि पुन्हा लावायच्या. आवाज होता तसाच जाडाभरडा राहिला. पण कालिदास कलामंदिरात मैफल ऐकताना गायकाने गंधारावर न्यास केला, म्हणजे त्या स्वरावर येऊन विसावला, की ते त्यांना कळतं, आणि घरी येऊन त्या तेवढाच स्वर अर्धा तास घोळवतात.

नाशिकच्या क्लासचालकांकडे माझं एक मागणं आहे. मोठ्या वयाच्या माणसाला पहिल्याच दिवशी ‘काहीतरी गाऊन दाखवा’ म्हणू नका. काही महिने तंबोऱ्यासमोर बसवा, ऐकायला शिकवा, अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, म्हणवून घ्या. परीक्षेचा विषय त्यांनी काढला तर काढा, एरवी नको. आणि गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात विशारदच्या मुलांआधी त्यांनाही पाच मिनिटं द्या, माईकसकट.