विश्रामबागवाडा : पेशव्यांच्या निवासापासून महापालिकेपर्यंत

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाडा हा पेशव्यांचा वाडा म्हणून ओळखला जातो आणि ते खरेच आहे. परंतु पेशव्यांचा त्यातील मुक्काम जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता. पुढची दोनशेहून अधिक वर्षे या वास्तूत जे नांदले, ते शास्त्री, विद्यार्थी आणि कारकून. वाडा आज उभा आहे, त्याचे बरेचसे श्रेय मला या मंडळींना द्यावेसे वाटते.

ज्या जागेवर वाडा उभा राहिला, तेथे पूर्वी पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांची बाग होती. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला, बाजीराव वसईला गेला, तेथे त्याने इंग्रजांशी तह केला आणि १८०३ च्या मे महिन्यात त्यांच्याच फौजेच्या आधाराने तो पुण्याला परतला. त्यानंतर त्याने शहरात नवे वाडे बांधण्याचा सपाटा लावला. विश्रामबाग हा त्यांपैकीच एक असून, त्यासाठी सुमारे दोन लाख रुपये खर्च झाल्याचे सांगितले जाते. दर्शनी बाजूचा लाकडी सज्जा, सुरूच्या झाडाच्या आकाराचे घोटीव खांब आणि त्यांवर कोरलेली केळफुले पाहिली, म्हणजे राज्य हातातून निसटत असतानाही सुतारकामातील हुन्नर कोठेच उणावला नव्हता, हे ध्यानात येते. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुढील वर्षी बाजीराव शरण गेला आणि सालीना आठ लाखांचे निवृत्तिवेतन घेऊन ब्रह्मावर्तास राहू लागला. वाडा कंपनी सरकारच्या ताब्यात आला.

धनी बदलला, तरी वाडा ओस पडला नाही. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटली जात असे. ती एकाएकी बंद केल्यास शहरात असंतोष माजेल, हे ओळखून कमिशनर चॅपलिन यांनी दक्षिणेच्या निधीतील काही रक्कम पाठशाळेसाठी वळवली आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय तेथे जुन्या पद्धतीनेच शिकवले जात, आणि सुरुवातीस प्रवेश केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांना होता. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली पाठशाळेचे रूप हळूहळू पालटले; १८५१ मध्ये इंग्रजी शाळा तिच्यात विलीन होऊन पूना कॉलेज अस्तित्वात आले. याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारच्या वतीने मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा, मुलींच्या शाळा काढल्याबद्दल, शालजोडी देऊन सत्कार झाला. दक्षिणेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेच्या वास्तूत, ज्या सनातन्यांनी त्यांना विरोध केला त्यांच्याच शहरात, हा समारंभ व्हावा ही घटना वाड्याच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते. पेशव्यांच्या दरबाराच्या आठवणींपुढे तिचा उल्लेख मात्र फार थोडा होतो.

कॉलेजला १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. वाड्यात सरकारी हायस्कूल भरत राहिले.

१३ मे १८७९ च्या रात्री शहरातील दोन पेशवेकालीन वाड्यांना आगी लावण्यात आल्या. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकार तेव्हा आधीच धास्तावलेले होते. सरकारी कचेऱ्या असलेला बुधवारवाडा या आगीत जळून गेला आणि पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागेचा पूर्वेकडील दर्शनी भाग जळाला, मात्र मागील चौक बचावले. शनिवारवाड्यातील महाल १८२८ च्या आगीत गेले ते गेलेच. विश्रामबागेच्या बाबतीत तसे घडले नाही, कारण येथे शाळा भरत होती आणि तिला जागेची गरज होती. नागरिकांनी वर्गणी जमवली, नगरपालिकेने भर घातली आणि जळालेला भाग पुन्हा बांधून काढण्यात आला. आज रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून ज्या दर्शनी भागाचे छायाचित्र घेतो, त्याच्या उभारणीत अशा रीतीने पुणेकरांच्या वर्गणीचाही वाटा आहे, आणि वाड्याची माहिती सांगताना बाजीरावाच्या नावासोबत हेही सांगितले गेले पाहिजे.

विसाव्या शतकात वाडा नगरपालिकेकडे आला. १९३० च्या दशकापासून तिचा कारभार येथूनच चाले. १९५० मध्ये महापालिका स्थापन झाल्यावरही काही वर्षे तोच परिपाठ राहिला. १९५९ मध्ये मुख्य कचेरी शिवाजीनगरच्या बाजूस नव्या इमारतीत गेली आणि वाड्यावरचे लक्ष उडाले. जुन्या दालनांत किरकोळ कचेऱ्या, दप्तरे आणि अडगळ साचत गेली. लाकूडकाम आणि जुना गिलावा यांची निगा राखण्याची खरी गरज असताना सोयीपुरती डागडुजी होत राहिली. विद्यमान शतकाच्या आरंभी महापालिकेने जतनाचे काम गांभीर्याने हाती घेतले. त्यानंतर ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन येथे मांडले गेले. तळमजल्यावर टपाल कार्यालयही आहे, त्यामुळे पेशव्यांशी काही देणेघेणे नसलेली माणसेही आपापल्या कामासाठी वाड्यात येत राहिली आहेत.