मैफलीच्या ध्वनिफिती म्हणजे नुसती खरखर नव्हे

सोलापुरातील संगीतप्रेमींमध्ये एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो, की कंपनीची ग्रामोफोन तबकडी असताना मैफलीची खासगी ध्वनिमुद्रणे जमवण्यात अर्थ नाही. हा समज चुकीचा आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सहसा तीन-साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे तासभर फुलणारा ख्याल तिच्यासाठी आटोपता घ्यावा लागे. मैफलीच्या फितीत मात्र संथ आलापी, लयीशी चाललेला खेळ आणि समेवर उमटलेली श्रोत्यांची दाद, सारे राहते. फीत वेगळ्या वेगाने वाजली तर सूर चढतो किंवा उतरतो, म्हणून गायकाची पट्टी, म्हणजे तो ज्या स्वराला ‘सा’ मानून गातो तो स्वर, आधी ताडून पाहावी. संमतीविना प्रती विकणे मात्र गैरच. सादरीकरणावरील कलाकाराचा हक्क आपल्या कायद्यानुसार ५० वर्षे टिकतो.