इटलीचा मानवतावादी कॉरिडॉर: पात्र कोण, कागद कोणते, अर्ज कसा होतो?

मानवतावादी कॉरिडॉर म्हणजे युद्ध-छळातून पळालेल्या शरणार्थींना लेबनॉनसारख्या देशातून व्हिसा देऊन सुरक्षितपणे इटलीत आणायची योजना. सीरिया, येमेनमधून पुण्यात शिकायला आलेल्या कुणी 'याचा फॉर्म कुठे मिळतो?' असं विचारलं, तर आधी हे सांगा: फॉर्म नसतोच. नावं सुचवतात त्या चर्चशी जोडलेल्या संस्था. ‘फॉर्म भरून देतो’ म्हणत पैसे मागणारा एजंट फसवतोय, हे पक्कं समजा.

15 डिसेंबर 2015 रोजी सांत'एजिदिओ (रोममधली कॅथलिक संस्था), इटलीतल्या इव्हँजेलिकल म्हणजे प्रोटेस्टंट चर्चचा महासंघ आणि वाल्देन्सी चर्च (इटलीतलं जुनं प्रोटेस्टंट चर्च) यांनी इटलीच्या परराष्ट्र व गृह मंत्रालयांशी यासाठी करार केला. 93 जणांची पहिली मोठी तुकडी 29 फेब्रुवारी 2016 रोजी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरली. तिकीट, घर, भाषेचे वर्ग असा सगळा खर्च संस्थाच उचलतात. इटलीत करदात्याला आपल्या आयकरातले हजारी आठ एखाद्या चर्चच्या नावे करता येतात. वाल्देन्सी चर्च त्यातला एक पैसाही पाद्र्यांच्या पगारावर घालत नाही. तो पैसा या कामातही येतो. मला याचं फार मोल वाटतं.

निवडीत धर्म पाहत नाहीत. आलेल्यांत मुस्लिम कुटुंबं भरपूर आहेत. एकट्या बायका, लहान मुलं, आजारी, अपंग, म्हातारी माणसं, छळ सोसलेले लोक यांना प्राधान्य मिळतं. इटलीत आधार द्यायला नातेवाईक किंवा संस्था तयार असेल, तर तेही विचारात घेतात.

उत्तर लेबनॉनमध्ये तेल अब्बासजवळच्या छावणीत कार्यकर्ते तंबूत चटईवर बसून कुटुंबाची हकिकत ऐकतात, पुन्हा येऊन पुन्हा विचारतात. पासपोर्ट, जन्माचे दाखले, संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी संस्थेचा नोंदणी कागद, दवाखान्याचे रिपोर्ट, जे असेल ते दाखवायचं. मग यादी बैरूतच्या इटालियन दूतावासात जाते, बोटांचे ठसे होतात आणि गृह मंत्रालय प्रत्येक नाव तपासतं. मंजुरी मिळाली की युरोपीय व्हिसा नियमावलीच्या कलम 25 खाली फक्त इटलीपुरता व्हिसा मिळतो. लेबनॉनमधून बाहेर पडायची तिथल्या सरकारची परवानगी वेगळी काढावी लागते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा व्हिसा म्हणजे आश्रय नव्हे. आश्रयाचा अर्ज इटलीत उतरल्यावर करायचा असतो. आश्रयाचा अर्ज युरोपातल्या कोणत्या देशाने तपासायचा हे ठरवणाऱ्या डब्लिन नियमामुळे व्हिसा देणाऱ्या देशातच तो चालतो, म्हणून भाऊ जर्मनीत असला तरी तिकडे जाऊन अर्ज करता येत नाही. निघण्यापूर्वी हे अरबीत समजावून सांगतात. नंतर कुटुंबांना एकाच मोठ्या केंद्रात न कोंबता गावोगावच्या घरांत ठेवतात आणि मुलं शाळेत जातात.

भारतात असलेल्या सीरियन, येमेनी, सुदानी माणसाने संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी संस्थेच्या दिल्ली कार्यालयात नोंदणी करावी. ती नोंदणी मोफत आहे.